वजाबाकीने

रबाळे एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे खिडकी उघडली तर शेजारच्या रंगाचा वास येतो
आणि बंद ठेवली तर आमचाच,
तिथे ब्राउनी आल्या. सहा.
स्टीलच्या डब्यात, खाली बटरपेपर,
झाकणावर कोरलेलं:
सौ. हेमांगी भालचंद्र तांडेल, दिवागाव, ऐरोली.
नमुना असा आणत नाहीत, सीलबंद पिशवीत आणतात.
मी डबा घासून बाजूला ठेवला.

नोंदवहीत लिहिलं: रंग गडद तपकिरी. वास स्वाभाविक. स्थिती
आणि पेन थांबलं.
एका तुकड्याचा कोपरा खाल्लेला होता.
चार बारीक दात, मधे एक फट,
तिथला नुकताच पडला असणार.

नियमाने सगळं परत पाठवायला हवं.
मी चाव्याच्या कडेकडेने सुरी फिरवली.

पोषणमूल्य काढायचं म्हणजे
आधी पदार्थाचं वाटोळं करायचं.
एक भाग वाळवला एकशे दोन अंशांवर;
जे उडून गेलं ते पाणी. सोळा.
दुसऱ्यावर ईथर ठिबकत ठेवला सहा तास,
मधे मी जेवून आले, मेथी आणि भाकरी,
तर फ्लास्कच्या तळाशी एकवीस टक्के
पिवळट, निमूट बसलेलं.
तिसरा आम्लात उकळला, इतका
की आपण कोण होतो हे त्याला आठवेना,
तेव्हा कुठे त्याने नायट्रोजन कबूल केला.
सव्वासहाने गुणायचं. प्रथिनं: पाच पूर्णांक सहा.
चौथा रात्रभर भट्टीत.
सकाळी मुशीत करडी चिमूट,
पोराच्या कपाळाला लावावा तेवढा अंगारा.
एक पूर्णांक चार.

कर्बोदकं आम्ही मोजत नाही.
बाहेर सांगू नये, पण असंच आहे:
शंभरातून बाकीचं सगळं वजा करायचं,
उरेल त्याला कर्बोदक म्हणायचं.
साखर पुढच्या टेबलावर, तिचे पैसे वेगळे.
बारा वर्षं झाली मला इथे
तरी हा आकडा लिहिताना हात जरा आखडतो.
छप्पन.
अर्ध्याहून जास्त ब्राउनी
कुणी बघितलेलीच नाही.
त्यात मैदा आला, कोको आला,
माझ्या तराजूची चूकही आली.

चौथ्या दिवशी फोन.
मागे फोडणीचा आवाज, कुकरची शिट्टी.
"ताई, पामबीचच्या जिमवाल्याला लेबल पायजे.
चारशेच्या खाली बसंल का?"
चारशे पस्तीस, म्हटलं.
शिट्टी आणखी एक.
"अक्रोड घातलेत ओ. अंडी पन घरच्या कोंबडीची."
आलंय ते. प्रथिनांत आलंय.
"कोंबडीचं?"
अंड्यांचं.
मग ती हसली, आणि हसता हसता आवाज खाली घेऊन,
"तो एक तुकडा... पोरीनं... माझं लक्ष नव्हतं."
मी म्हटलं, नमुना योग्य स्थितीत मिळाला.
तसंच छापलंय.

आमच्या रिपोर्टात शेऱ्याचा रकाना नाही.
चव कशी होती, कुणी विचारत नाही;
विचारलं असतं तरी
इथलं काही तोंडात घालायची परवानगी नाही.
त्या दिवशी भट्टी तापताना
सगळा मजला शाळेच्या वाढदिवसासारखा दरवळला
आणि शिपाई घोणेमामा उगाच दोनदा आत येऊन गेले,
याचं एकक नाही.
तो कोपरा धरायचा तर सात ग्रॅम असेल.
म्हणजे तीस कॅलरी, माझ्या हिशेबाबाहेर,
दिवागावात कुठेतरी
उड्या मारत असतील.

शनिवारी ती डबा न्यायला आली.
रिकामा डबा परत देत नाहीत.
पण लॅबमध्ये खायचं काय असणार?
चहाच्या कपाटातून साखर घेतली,
डब्यात टाकली, झाकण लावलं.

वजन केलं नाही.